डावीकडे दोन बोटं जागा

खोली बघायला गेले तेव्हा घरमालकांनी मला आधी खोली दाखवलीच नाही. मलकपेठेतल्या त्या घराच्या बाहेरच्या खोलीत भिंतीला लागून एक लांब टेबल होतं आणि त्यावर चार जुने कॉम्प्युटर ओळीनं मांडलेले. चारही चालू होते.

"बसा," ते म्हणाले. "एकेकावर पाच-पाच मिनिटं बसा. मग सांगा कुठला बरा वाटला."

"काका, मी खोलीसाठी आलेय."

"हौ, मालूम आहे. खोली कुठं पळून चालली? वरतीच आहे. बसा तुम्ही."

त्याआधीच्या पंधरा दिवसांत माझ्या पाच-सहा खोल्या बघून झाल्या होत्या. शहर नवीन, म्हणून मुद्दाम मराठी घरं शोधत होते. घरमालक गाव विचारत, मी परभणीकडचं नाव सांगे. मग ते आडनाव विचारत, आणि आडनाव सांगितलं की खोली नेमकी कालच कुणाला तरी दिलेली असे. या माणसानं माझं आडनाव विचारलं ते तीन महिन्यांनी, टपालानं आलेलं एक पाकीट माझंच आहे का हे बघण्यासाठी.

मी चारही कॉम्प्युटरांपुढे बसले. पहिल्यावर जवळजवळ काहीच नव्हतं, वर एक काळी पट्टी आणि खाली मोकळं आकाश. दुसऱ्यावर इतकं काही होतं की कुठं हात लावावा कळेना. तिसरा करडा, साधा. चौथा माझ्या ऑफिसातल्यासारखा, ओळखीचा. मी तिसरा सांगितला.

"कायकू?"

"याला काही दाखवायचा सोस नाही."

त्यांनी आत वळून बायकोला हाक मारली, "मास्तरीणबाई, चहा टाका. वरच्या खोलीला माणूस मिळालं."

अशी मी त्यांच्या घरी राहायला आले, आणि नऊ वर्षं राहिले. त्यांना जाऊन आता आठ महिने झाले आहेत. लिहायला बसते, दोन ओळी होतात, मग उठते. पण एक गोष्ट मला नीट समजून घ्यायची आहे, आणि लिहिल्याशिवाय मला काही समजत नाही.

ते एका सरकारी तंत्रनिकेतनाच्या यंत्रशाळेत शिकवून निवृत्त झालेले. घराणं चार पिढ्या हैदराबादेत, त्यामुळे मराठीत दखनी अशी मिसळलेली की वेगळी काढता येऊ नये. निवृत्तीनंतर लोक देवळात जातात, हे लिनक्सकडे गेले. विंडोजऐवजी वापरता येणाऱ्या या लिनक्सवर कॉम्प्युटरचं पोट एकच ठेवून समोर दिसणारं घर मात्र आपल्याला निवडता येतं, हे मला त्यांच्याकडूनच कळलं. पट्टी कुठं, खिडक्या कशा उघडायच्या, कुठलं बटण कुठं, या सगळ्याचा मिळून एक संच असतो. त्याला डेस्कटॉप एन्व्हायरन्मेंट म्हणतात. ते त्याला 'मांडणी' म्हणत. आणि कुठली मांडणी चांगली, हा त्यांचा वर्षानुवर्षांचा प्रश्न होता.

पहिली ग्नोम. "हा मठ आहे. शांत, स्वच्छ. पण तुम्हाला पाट हलवायचा असेल तर आधी महाराजांना विचारा." दुसरी केडीई. "इथं काय पाहिजे ते हलवा. भिंत हलवा, छत हलवा. माणूस मग हलवतच बसतो, जेवायचं राहून जातं." चौथी सिनॅमन. "ही पाहुण्यांसाठी. विंडोजवरून आलेला माणूस बावचळत नाही." तिसऱ्या, एक्सएफसीईबद्दल ते फार बोलत नसत. "जुनी सायकल आहे. चालते," एवढंच.

त्यांच्याकडे कुणी कॉम्प्युटर घेऊन आलं की ते लगेच हात लावत नसत. आधी त्या माणसाला काम करताना बघत. "आधी हात बघायचा, मग पडदा," हे त्यांचं नेहमीचं वाक्य. माझ्या बाबतीत त्यांनी ते फारच मनावर घेतलं. अफझलगंजजवळच्या एका ग्रंथालयात मी मराठी पुस्तकांची नोंदणी करते. एका बुधवारी सकाळी बघते तर हे कोपऱ्यातल्या बाकावर, मांडीवर वही, समोर उर्दू वर्तमानपत्र उलटं धरलेलं. दुपारपर्यंत बसले. संध्याकाळी घरी वही वाचून दाखवली.

"शब्दकोश बावीस वेळा उघडला. बावीस वेळा बंद केला. बेटा, ज्या माणसाला दिवसातून बावीस वेळा भेटायचं, त्याला दर वेळी दाराबाहेर काढतात काय?"

दुसऱ्या दिवशी शब्दकोश माझ्या पडद्याच्या कडेला कायमचा राहायला आला. अजून तिथंच आहे.

हे बघण्याचं वेड त्यांना बाजारातही सोडत नसे. सुलतान बाजारात एका कापडाच्या दुकानापुढे ते दर वेळी थांबत. दुकानदार गादीवर बसून कापड फाडत असे.

"क्या साब, कपडा होना क्या?" तो विचारी.

"नक्को मियाँ. कैंची देखरौं."

"पंधरा साल से कैंचीच देखरें. एक कुर्ता तो सिला लेव!"

"तुमची कैंची कहाँ रहती, बोलो?"

"बायें घुटने के नीचे. और कहाँ रहती?"

काका माझ्याकडे असे बघत, जणू काही त्यांनी एखादा सिद्धांत सिद्ध केला आहे. "ऐकलं? कात्री गुडघ्याखाली. बघावंसुद्धा लागत नाही त्याला. ही खरी मांडणी."

शेजारच्या इमारतीत पुण्याहून आलेला एक संगणक अभियंता राहत असे. त्याची मुलगी रविवारी काकूंकडे मराठी वाचायला शिकायला यायची. तो तिला सोडायला आला की काका त्याला गाठत.

"काका, डिफॉल्ट आहे ते ठेवायचं आणि काम करायचं. कुणाला वेळ आहे हे सगळं बदलत बसायला?"

"बरं. तुमच्या घरात मिठाचा डबा कुठं असतो?"

त्याला सांगता आलं नाही. मुलगी म्हणाली, "फ्रिजच्या वर. पप्पांना माहीतच नाहीये, ते फक्त ऑर्डर करतात." काकूंनी आतून तिला दटावलं, पण स्वतःही हसल्या.

बैठकीतल्या या चार कॉम्प्युटरांखेरीज आतल्या खोलीत पाचवा होता, त्यांचा स्वतःचा. त्यावर काकूंच्या जुन्या इरकली साडीचं शिवलेलं आवरण असे. सगळ्यांच्या मांडण्या लावून देणाऱ्या माणसाची स्वतःची मांडणी कशी असेल, याचं मला फार कुतूहल होतं. मी दोन-तीनदा विचारलं. "आपलं काय, आहे तसं आहे," म्हणून ते विषय बदलत. एकदा आवरण बाजूला असताना मी दारात गेले, तर त्यांनी घाईघाईनं पडदा बंद केला. मला ते जरा लागलंही.

आता काकूंविषयी सांगायला हवं, कारण पुढचं सगळं त्यांच्यासाठी झालं.

काकू इथल्या एका मराठी शाळेत शिक्षिका होत्या. पुढे मुलं मिळेनाशी झाली आणि शाळा बंद पडली. तेव्हापासून दर रविवारी त्या घरीच आठ-दहा मुलांना वाचायला शिकवत. घरात मराठी बोलणारी, पण बाहेर तेलुगू, हिंदी, इंग्रजीत वाढणारी ही मुलं. मराठी पाटी वाचायची म्हटलं की बोट ठेवून अडखळत. पुण्या-मुंबईची पुस्तकं त्यांना परकी वाटत, म्हणून काकू स्वतःच धडे लिहून कॉम्प्युटरवर टाइप करत. त्यांच्या धड्यांत मलकपेठेतल्या शर्यतींचे घोडे असत, मुसा नदीचा पूल असे, इराणी चहाच्या कपात बुडालेलं उस्मानिया बिस्कीट असे. असे साठेक धडे झाले होते. शंभर करायचे होते.

चौतिसावा, पस्तिसावा म्हणता म्हणता त्या साठापर्यंत आल्या, आणि त्यांना मेंदूचा झटका आला. दवाखान्यातून तीन आठवड्यांनी घरी आल्या. डावा हात हळूहळू उचलता यायला लागला, बोलणं तर पहिल्यासारखंच स्पष्ट. फक्त वाचता येईना.

म्हणजे अक्षरं येत होती. अर्थ लागत नव्हता. स्वतःचाच धडा समोर घेऊन त्या चिडत. "हे कुणी लिहिलंय? धड एक वाक्य नाही. सगळी मधूनच सुरू होतात."

"तुम्हीच लिहिलंय, मास्तरीणबाई."

"मी असलं लिहीन?"

दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी त्यांनी कागद घडी करून उशाखाली ठेवला आणि म्हणाल्या, "मुलांच्या घरी कळवा. ज्या बाईला वाचता येत नाही, तिनं काय शिकवायचं?"

काका उठून टेबलाकडे गेले. आयुष्यभर ज्याचा अभ्यास केला त्याची आता खरी परीक्षा होती, असंच त्यांना वाटलं असणार. पहिल्या आठवड्यात काकूंना ग्नोमवर बसवलं, अक्षरं दुप्पट केली. काकूंना आणखीच कमी कळायला लागलं. दुसऱ्या आठवड्यात केडीई. पिवळ्यावर काळं, काळ्यावर पिवळं, निळ्यावर पांढरं, बटणं वर, बटणं खाली. मग सिनॅमन. मग परत पहिल्यापासून. चष्म्याचा नंबर दोनदा तपासून झाला. डोळे ठीक होते.

"मोठं करतो आहे तसं बिघडतं आहे," ते मला जिन्यात म्हणाले. "असं होतं काय कुठं? मोठं केलं तर दिसायला पाहिजे ना, बेटा?"

स्वयंपाकही तेव्हा तेच करत. काकूंच्या हाताखाली नव्यानं शिकले होते, आणि त्यात त्यांच्यातला यंत्रशाळेचा शिस्तीचा माणूस जागा झाला होता. ताट कसं वाढायचं ते त्यांनी तंतोतंत पाळलं: उजवीकडे भाजी, आमटी; डावीकडे लिंबू, चटणी, कोशिंबीर. एका रविवारी मला त्यांनी जेवायला बोलावलं. वर्ग बंद असल्यामुळे रविवार त्या घराला फार मोठा वाटायचा.

जेवता जेवता काकू म्हणाल्या, "हल्ली तुम्ही चटणी करत नाही का हो?"

काकांचा हात थांबला. "कालच केली ना. जवसाची."

"मग वाढत का नाही? आणि कोशिंबीर तर पंधरा दिवसांत पाहिली नाही."

काकांचं तोंड उतरलं. मला ते हळूच म्हणाले, "रोज असंच. चटणी तशीच राहते ताटात, आणि वर हे बोलणं. जमली नाही तर जमली नाही म्हणा. टोमणे कशाला?"

त्यांना ती खरोखरच काकूंची नाराजी वाटत होती. इतकी वर्षं कुणाचं तरी बघत बसणारा माणूस, पण स्वतःच्या बायकोचं ताट त्यांनी चुकीचं वाचलं होतं. चटणी जमत नाही म्हणून ते दर दोन दिवसांनी नवी करत होते. फडताळात चटण्यांच्या सात बरण्या साठल्या होत्या.

मी काकूंना भात वाढायला उठले. त्यांचं ताट उचललं, भात वाढला आणि परत ठेवताना ते फिरलं. मुद्दाम नाही, तसंच झालं. डावीकडचं उजवीकडे आलं.

"अगं बाई, ही आहे की चटणी!" काकू म्हणाल्या. "आणि कोशिंबीर! मघाशी का नाही वाढलीत?"

काका त्या ताटाकडे बघत होते. एका बाजूला सगळं संपलेलं, दुसऱ्या बाजूला हातही न लागलेला, आणि मधून जणू कुणी दोरी धरून आखलेली रेघ. मग त्यांनी मान वळवून बाहेरच्या खोलीतल्या टेबलाकडे बघितलं. त्यांचे ओठ हलत होते. नंतर त्यांनी मला सांगितलं, ते काकूंचं वाक्य पुटपुटत होते: सगळी मधूनच सुरू होतात.

डॉक्टरांनी दुसऱ्या दिवशी तपासून तेच सांगितलं. डोळे चांगले आहेत, पण डावीकडे काही आहे याची डोक्याला आठवणच राहिलेली नाही. अक्षरं मोठी केली की ओळ पसरते, म्हणजे तिचा आणखी मोठा तुकडा त्या हरवलेल्या बाजूला जातो. त्यांना हाक मारून मारून डावीकडे बोलवावं लागेल. हळूहळू. घाई केली तर थकतील आणि सोडून देतील.

आणि मग काकांना हवी ती गोष्ट त्या जुन्या सायकलीत सापडली. एक्सएफसीईमध्ये पडद्याच्या चारही कडांना किती जागा मोकळी सोडायची, ते आकड्यात सांगता येतं. खिडकी तेवढी जागा सोडूनच उघडते. ही सोय कशासाठी केली होती कुणास ठाऊक. त्यांनी डावीकडचा निम्मा पडदा मोकळा सोडला आणि जिथून ओळी सुरू होतात तिथं उभी लाल पट्टी काढली.

"लाल दिसली की समजायचं, इथून वाक्य सुरू. लाल दिसली नाही तर वाचायचंच नाही."

काकूंनी चष्मा लावला. "रविवारी सकाळी घोडे पाण्यावर नेतात," त्यांनी वाचलं. मग पुढची ओळ. मग पुढची. धडा संपेपर्यंत वाचलं आणि म्हणाल्या, "यात एक स्वल्पविराम चुकलाय."

काका उठले आणि घासलेले कप पुन्हा घासायला लागले.

त्यानंतर दर सोमवारी लाल पट्टी एक बोट डावीकडे सरकायची. खरोखर बोटानंच मोजून. पडद्यावर बोट आडवं धरायचे, मग आकडा बदलायचे. कधी दोन-दोन सोमवार एकाच जागी थांबायचे. एकदा काकू फार थकल्या तेव्हा पट्टी परत एक बोट मागे आणली. ताटाचंही तेच. चटणी आधी भाजीच्या शेजारी आली.

"चटणी उजवीकडे?" काकू म्हणाल्या. "माझ्या सासूबाईंनी हे ताट बघितलं असतं ना, तर मला परत माहेरी पाठवलं असतं."

"तुम्हाला नाही, मला पाठवलं असतं. वाढलं मी आहे."

"तुम्हाला कुठलं माहेर?"

"यंत्रशाळा."

चटणीही आठवड्या-आठवड्यानं ताटाच्या काठाकाठानं आपल्या जागेकडे निघाली. चौथ्या महिन्यात काकूंनी वर्ग पुन्हा सुरू केला. तेव्हा डावीकडे चार बोटं जागा उरली होती. मुलांनी ती लाल पट्टी बघितली आणि आपापल्या वह्यांनाही लाल समास आखून घेतले. एकसष्टावा धडा काकूंनी त्याच महिन्यात लिहिला.

एका दुपारी बैठकीत मी काकांना विचारलं होतं, "मग काका, चारांत चांगली मांडणी कुठली, हे ठरलं म्हणायचं का आता?"

ते म्हणाले, "मी पंधरा वर्षं बघत होतो, काय काय हलवता येतं. तिला लागली एक रिकामी जागा. तीही दर आठवड्याला थोडी कमी होणारी. हे कुणी तुलना करताना लिहीत नाही बघ."

त्यानंतर दोन महिन्यांनी ते गेले. सकाळी चहा घेतला, वर्तमानपत्र उघडलं आणि तसेच मागे टेकले. हृदय, म्हणाले डॉक्टर. काकूंच्या पडद्यावर तेव्हा दोन बोटं जागा उरली होती.

पुढचे कित्येक महिने ती तशीच राहिली. पट्टी सरकवायची कशी, मला ठाऊक नव्हतं. आकडे कुठं बदलतात ते त्यांनी मला कधी दाखवलं नव्हतं, आणि काकूंना विचारायला धीर होत नव्हता. एका दुपारी काकूच म्हणाल्या, "त्यांच्या मशीनवर बघ. ते सगळं लिहून ठेवायचे."

मी इरकलीचं आवरण काढलं. इतक्या वर्षांचं कुतूहल होतं. पडदा उजळला.

जुनी करडी मांडणी. उजवीकडे काम. डावीकडे उभी लाल पट्टी, आणि तिच्या पलीकडे दोन बोटं जागा मोकळी.

शेजारी वही होती. प्रत्येक सोमवारची नोंद: किती बोटं, आकडा किती, आणि खाली दोन ओळी. एक 'ती', एक 'मी'. 'ती: दोन पानं वाचली, थकली नाही. मी: डावीकडे हात जातो, आदळतो, परत येतो.' आणखी एके ठिकाणी: 'मी: आज पत्र वाचताना चिडलो. तिला रोज असं होत असेल.' पहिल्या निम्म्या पडद्यापासून प्रत्येक आठवडा त्यांनी तिच्याबरोबर काढला होता. त्याआधी ती मांडणी कशी होती, ते मला आता कधीच कळणार नाही. कदाचित काहीच नसेल. कदाचित त्या दिवशी त्यांनी पडदा बंद केला तो मी पोरकटपणे हसेन म्हणून असेल. मी अंदाज करत राहते.

आकडे कसे बदलायचे तेही वहीत होतं, मला समजेल अशा शब्दांत. 'बेटा'नं सुरुवात केलेलं.

गेल्या रविवारी मुलं यायच्या आधी मी काकूंकडे जेवायला होते. ताट मी वाढलं. त्यांना त्रास नको म्हणून चटणी भाजीच्या जवळ ठेवली.

"चटणीची जागा ती आहे का?" काकू म्हणाल्या. "डावीकडे वाढ. मला सापडते."

मी डावीकडे वाढली. त्यांची मान सावकाश वळली, लिंबावरून पुढे गेली, आणि बोट बरोबर चटणीवर आलं.

जेवणं झाल्यावर मी त्यांचा कॉम्प्युटर उघडला. "काकू, आज ही शेवटची दोन बोटंही काढून टाकू का? आकडा शून्य केला की झालं. वहीत लिहिलंय कसं ते."

काकूंनी चष्मा लावला आणि पडद्याकडे बघितलं. आधी उजवीकडे, मग मान वळवत डावीकडे.

"लाल पट्टी दिसते मला," त्या म्हणाल्या. "तिच्या पलीकडची मोकळी जागाही दिसते. अगदी काठापर्यंत."

"मग काढू?"

"नको. ती राहू दे."

जिन्यात चपलांचे आवाज यायला लागले होते. त्यांनी खुर्ची पुढे ओढून घेतली आणि ब्याऐंशीवा धडा उघडला.